झिंक कमी पडलंय

शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास, जपानमधल्या कोची शहरातल्या आपल्या घराजवळच्या दुकानात, फुमिएला ढोबळ्या मिरच्यांच्या पाकिटावर तोकुजीसान हसताना दिसले आणि तीही हसली. पाकिटावर शेतकऱ्याचा फोटो छापायची टूम निघाली, तेव्हा म्हातारा कॅमेऱ्यासमोर ओठ घट्ट मिटून उभा राहिला होता. त्याची बायको सावाए मागून ओरडली होती, "अहो, मिरच्या विकायच्यात, कुणाच्या मयताला नाही जायचं!" त्यावर तो जो फिस्सकन हसला तोच हा फोटो. फुमिए तेव्हा तिथेच उभी होती. म्हणून तिने पाकीट उचललं. घरी दोन मिरच्या होत्या, तिसरीची गरज नव्हती. एकटीच्या स्वयंपाकाला लागतं किती. पाकिटात पाच मिरच्या होत्या, चार तुकतुकीत, आणि पाचवी तळाशी, अंग चोरून झोपलेली. तिने पाकीट उलटं केलं. त्या पाचवीच्या सालीवर खळगे होते, फिकट आणि गडद हिरव्याचे ओघळ होते, आणि टोक एका बाजूला वळलेलं होतं. दुकानात कुठलंसं गोड गाणं लागलं होतं. शेजारच्या बाईने "जरा सरकता का?" म्हणून विचारलं आणि फुमिए सरकली, पण आपण सरकलो हे तिला नंतर कळलं. छत्तीस वर्षं सरकारी शेतीसल्लागार म्हणून काढलेल्या बाईला ती मिरची वाचायला चष्मा लागणार नव्हता. व्हायरस होता. मोतीबिंदू झालेल्या सावाएच्या हातून निवडताना ती निसटली असणार.

आणि तरीही पहिला विचार तिच्या मनात आला तो असा, की झिंक कमी पडलं असेल. तो विचार इतक्या सवयीने, इतक्या लाडाने आला की तिला स्वतःची भीती वाटली. माणसाचं मन काही कमी बिलंदर नसतं. समोर वाघ उभा असला तरी ते म्हणतं, मांजर जरा मोठं झालंय. तिने पाकीट टोपलीत ठेवलं, पैसे दिले, बाहेर आली. रस्त्यावरून ट्राम गेली, फेब्रुवारीचं ऊन तिच्या काचांवरून सरकत फुमिएच्या तोंडावर आलं, आणि तिला एकदम पॉलिहाउसमधला तो पांढरा, गाळलेला, कुठूनच न येणारा उजेड आठवला. प्लास्टिकच्या आत सावली पडत नाही. तिथे माणूस थोडा तरंगल्यासारखाच चालतो. तीन आठवड्यांपूर्वी त्या उजेडात तेरा माणसं तरंगत होती, बारा शेतकरी आणि तेरावी ती.

दर जानेवारीत शिओमी गावात गटाची फेरी निघते. बारा शेतकरी एकाच दिवशी बाराही पॉलिहाउस पाहतात, एकमेकांची झाडं न्याहाळतात, शेंडे चाचपतात, कौतुक करतात, हळूच टोमणे मारतात, आणि संध्याकाळी जेवायला बसतात. तिथे एकच पेला दोघांत फिरतो. तू पी, मग तोच मला दे, मी पिऊन तुला देतो. त्याला नाही म्हणणारा माणूस या प्रांतात अजून जन्माला यायचा आहे. फेरीचा क्रम वयाचा. सर्वांत आधी सर्वांत वडील माणसाचं घर, म्हणजे एकोणऐंशी वर्षांच्या तोकुजीसानचं, आणि सर्वांत शेवटी चिहारुचं, जी बापाच्या मागे पॉलिहाउस सांभाळते आणि जिला अजून सगळे "पोरी" म्हणतात, वय एकतीस असून. फुमिएने स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पुस्तिकेत पाचव्या पानावर छापलं होतं: आधी निरोगी शेत पाहा, शंकेचं शेवटी. सगळ्यांनी ते वाचलं होतं, मान डोलावली होती, आणि फेरी वयाच्याच क्रमाने काढली होती. तिनेही कधी तोंड उघडलं नाही. म्हाताऱ्याला शेवटी ठेवणार कोण? भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे ती सख्खी थोरली बहीण होती.

त्या दिवशी तोकुजीसानच्या दाराशी दुधाची बादली नव्हती. दुधाच्या पावडरीचं पाणी, त्यात हात बुडवून मगच आत जायचं, म्हणजे बोटांवरून विषाणू झाडाला जात नाही. हेही तिनेच शिकवलेलं. बादलीऐवजी सावाएने लाकडी तबकात गरम ओल्या टॉवेलांच्या सुरळ्या ठेवल्या होत्या. पाहुण्यांना बादलीत हात घालायला कसं सांगायचं, गुरं का आहेत ती? टॉवेलांतून वाफ येत होती. फुमिएने टॉवेल घेतला, हात पुसले, बादलीचा शब्द जिभेच्या टोकाशी आला आणि तिथेच बसून राहिला. मागावी तर या घराला बादलीची गरज आहे असं म्हटल्यासारखं झालं असतं. आणि हे घर तर तिचं मानाचं पान होतं. नऊ वर्षं इथे व्हायरस फिरकला नव्हता. नऊ वर्षं तोकुजीसान दर दहाव्या दिवशी, पंचांग पाहावं तसं कॅलेंडर पाहून, 'बाईंचं पाणी' फवारत होते.

बाईंचं पाणी म्हणजे गुलबक्षीच्या मुळांचा अर्क, समुद्री शेवाळाचं पाणी आणि चिमूटभर झिंक. कचेरीत त्याची थट्टा होई, पण थांबवत कुणी नसे. मुळं कुटायची, गार पाण्यात रात्रभर ठेवायची, फडक्यातून दोनदा गाळायची. पान धष्टपुष्ट असेल आणि त्यावर अर्काचा हात फिरलेला असेल तर विषाणूला आत शिरायला जड जातं. हे खरं होतं, तिने पाहिलं होतं, मोजलं होतं. पण ते आधी करायचं. नंतर केलं तर चोर आत आणि आपण बाहेरून कडी घालतोय. हेही तिला ठाऊक होतं. आणि नऊ वर्षं जे घडलं त्यात अर्क किती, तोकुजीसानची टापटीप किती आणि नशीब किती, हा प्रश्न तिने स्वतःला कधी पुरता विचारू दिला नाही. कधी ट्राममध्ये बसल्यावर तो यायचा, तेव्हा ती पुढच्या थांब्यावर उतरून चालायला लागायची.

गुलबक्षी तिच्या आयुष्यात शास्त्राच्या आधी आली होती. संध्याकाळी उमलणारी, गटाराच्या कडेला कुणी न लावता येणारी. काळी बी फोडली की आत पांढरं पीठ निघतं. मुली ते चेहऱ्याला लावून नव्या नवऱ्या होतात. तिची बहीण मित्सुए तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. ती फुमिएला पायरीवर बसवायची, हनुवटी दोन बोटांत धरायची आणि श्वास रोखून गालावर पीठ फासायची. "हलू नकोस गं, नवरी हलते का कधी?" त्या बोटांचा गारवा फुमिएला अजून हनुवटीवर सापडतो. मग मित्सुएच्याच गालांना पीठ लावायची गरज उरली नाही. ती खोकायची, आणि आई म्हणायची, अशक्तपणा आहे. शेजारीण विचारी, आई म्हणे, अशक्तपणा. मास्तर विचारत, आई म्हणे, अंगात रक्त कमी आहे. अंडी आली, माशाचं तेल आलं, कलेजी आली. 'कमी आहे' हा शब्द घरात एखाद्या प्रेमळ मावशीसारखा वावरत होता. कमी असेल तर भरून काढता येतं. बाजारातून आणता येतं, चमच्याने भरवता येतं. रोग म्हटला की दार बंद करावं लागतं. फुमिए तिच्या शेजारी त्याच गादीवर झोपत राहिली, कारण वेगळी गादी घालणं म्हणजे कबूल करणं होतं. फुमिए वाचली, मित्सुए तेराव्या वर्षी गेली. आईवर तिचा राग कधीच नव्हता. मोठी झाल्यावर तिने आईला मनातल्या मनात अडाणी म्हटलं होतं, एवढंच.

ती गाडीत बसली होती. गाडीत कधी बसलो, किल्ली कधी फिरवली, हे तिच्या लक्षात नव्हतं. समुद्र उजव्या हाताला लागला होता आणि मिरच्यांचं पाकीट शेजारच्या सीटवर पडलं होतं, तोकुजीसान छताकडे बघून हसत होते. समुद्र दुपारचा, सपाट, चकाकणारा. किनाऱ्याला लागून प्लास्टिकची घरं सुरू झाली, एकामागून एक, लांबून पाहिली तर समुद्रच दोनदा दिसावा. तिला वाटलं, ही वाट संपू नये. वाट संपली की बोलावं लागणार. तिच्या डोळ्यांसमोर तो क्षण पुन्हा आला, आणि आता तो हळूहळू, पाण्याखालून पाहावा तसा उलगडला. तिसरी ओळ, गरम हवेच्या नळाजवळची दोन झाडं. शेंड्याच्या पानांवर फिकट-गडद नक्षी. तोकुजीसाननी कमरेवर हात ठेवून, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने विचारलं, "काय हो बाई, ही पोरं अशी का दिसतायत?" आवाजात भीती नव्हती. घरचाच डॉक्टर असला की माणूस पोराचं पुरळ दाखवतो तशा बेफिकिरीने त्यांनी पान पुढे केलं. बारा चेहरे तिच्याकडे वळले. तिला कळलं होतं. अर्धं कळलं होतं असं तिने तीन आठवडे स्वतःला सांगितलं, पण आता समुद्राकडे बघताना तिला कबूल करावंच लागलं, की पुरतं कळलं होतं. आणि तिच्या तोंडून शांत, समजूतदार, पगारी आवाज निघाला: "झिंक कमी पडलंय."

"हां, झिंक!" सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आणि मग ते घडलं जे आठवून फुमिएने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. झिंक कमी पडलं की पान कसं दिसतं ते शिकावं म्हणून बाराही जण पुढे झाले. एकेकाने ते पान दोन बोटांत धरलं, चोळलं, उजेडाकडे करून पाहिलं. एकाने वहीत लिहून घेतलं. सर्वांत शेवटी चिहारु आली, चष्मा वर सारून तिने पान नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "बाई, माझ्याकडे असं दिसलं तर मी ओळखीन आता." मग सगळे हसत-बोलत दुसऱ्या घरी गेले, तिथून तिसऱ्या, अशी अकरा घरं, आणि प्रत्येक घरी शेंडे चाचपले. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि तेही बारकाईने, ओळीओळीने. व्हायरस पंधरा-वीस दिवसांनी दिसू लागतो. म्हणजे आता. आजही ती माणसं रोज झाड बांधत असतील, खुडत असतील, आणि एका झाडाची बोटं पुढच्या झाडाला लावत असतील. प्रत्येक दिवशी एकेक ओळ जात असेल. त्यांना कळत नसेल, कारण बाईंनी सांगितलंय की झिंक. फुमिएला रडू आलं. तिने रडून घेतलं, नाक पुसलं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

तोकुजीसान पॉलिहाउसच्या दारातच भेटले. पायात रबरी बूट, डोक्याला टॉवेल, हातात नवे कोरे हातमोजे.

"अरे! बाई! शनिवारी? सुट्टी मिळत नाही का सरकारात?"

"तोकुजीसान, बसा जरा."

"बसायला काय झालं, मी काय म्हातारा आहे?" असं म्हणून ते लगेच उलट्या टोपलीवर बसले. घरातून सावाए ओरडली, "कोण आलंय?" ते ओरडले, "बाई आल्यात! चहा टाक!" आणि फुमिएकडे वळून हलक्या आवाजात, "तिला ऐकू येतं, दिसत नाही. मला दिसतं, ऐकू येत नाही. दोघं मिळून एक धड माणूस आहे घरात."

फुमिएने पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी आधी आपला फोटो पाहिला, मग मिरच्या. पाचवी मिरची त्यांनी बराच वेळ पाहिली. फुमिए उभीच राहिली. दारापासून तिला तिसरी ओळ दिसत होती, म्हणजे जिथे असायला हवी होती ती जागा. तिथे वीसेक झाडं नव्हती. माती उघडी होती, नीट सारवल्यासारखी.

"ती झाडं?"

"ती होय," तोकुजीसान म्हणाले. "मूळकुज. पाणी जास्त झालं माझ्याकडून."

"तोकुजीसान, त्या दिवशी मी झिंक म्हणाले ना, ते झिंक नव्हतं. व्हायरस होता. मला तेव्हाच दिसलं होतं. नऊ वर्षं झाली नव्हती ना लागण. माझं पाणी फुकट गेलं असं सगळ्यांसमोर म्हणवेना मला. म्हणून खोटं बोलले. मी तुम्हा सगळ्यांना ते पान हाताळायला लावलं."

म्हाताऱ्याने भुवया वर नेल्या, अगदी टॉवेलापर्यंत. "व्हायरस!" ते म्हणाले. "अस्सं! आणि आम्ही समजत होतो झिंक!" मग उगाच डोकं खाजवलं. "आता काय करायचं म्हणता?"

"आजूबाजूची सगळी उपटायची. मुळासकट, पिशवीत भरून. कात्री उकळून घ्या. दुधाची बादली ठेवा दाराशी. पाहुणा येवो नाहीतर राजा येवो."

"ठेवतो, ठेवतो. इतकं मनाला लावून घेऊ नका, बाई. झाडंच आहेत. माणूस थोडंच गेलंय?" आणि ते उठले, हातमोजे चढवले. ती सवयीने त्यांच्या मागे आत पाऊल टाकणार, तेवढ्यात त्यांनी हात आडवा केला. "तुम्ही नको," ते म्हणाले. मग स्वतःच ओशाळले. "म्हणजे, तुमचेच नियम. कपड्यांवरून जातं ना ते?"

छत्तीस वर्षांत कुणी तिला दाराबाहेर थांबवलं नव्हतं. ती थांबली. प्लास्टिकच्या पलीकडे म्हाताऱ्याची धूसर आकृती वाकली, झाडाच्या बुंध्याला धरून जोर लावला, आणि मुळं सुटल्याचा बारीक तडतड आवाज आला. तिला वाटलं, आपण हे स्वप्नात बघतोय आणि स्वप्नातही आपण बाहेरच उभ्या आहोत. उन्हात प्लास्टिक पोटासारखं वरखाली होत होतं. तिला मित्सुए आठवली नाही, आईच आठवली. कलेजी चिरताना मान खाली घालून बसलेली, कुणाच्याही नजरेला नजर न देणारी. अडाणी नव्हती ती. तिला सगळं ठाऊक होतं. हे इतक्या उशिरा कळून आता उपयोग काय, असं फुमिएच्या मनात आलं, आणि आईविषयी माया दाटून आली. मार्चअखेर ती निवृत्त होणार होती. निरोपसमारंभ ठरला होता, शिओमीचे बाराही जण येणार होते, मोठं ताट, तोच फिरता पेला. त्याआधी अकरा फोन करायचे होते, आणि तेही आत्ता, धीर सुटायच्या आत. वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करायची रीत. तिने ती मोडली आणि पहिला फोन चिहारुला लावला. सर्वांत शेवटी तिच्या घरी गेले होते सगळे, अकरा घरांचे हात घेऊन.

"बाई!" चिहारुचा आवाज. मागे गरम हवेच्या यंत्राची घरघर. "जेवलात का?"

"ऐक पोरी, मध्ये बोलू नकोस. तोकुजीसानकडे मी जे झिंक म्हणाले, ते झिंक नव्हतं. व्हायरस होता. मी खोटं बोलले. आत्ताच्या आत्ता काम थांबव, हात धू, ओळी तपास, शेंड्याचं पान उजेडाकडे धरून..."

ती बोलत राहिली. मग मागची घरघर थांबली. चिहारुने यंत्र बंद केलं असावं.

"बाई, माझ्याकडे मागच्या रविवारीच दिसला तो."

"काय दिसला?"

"व्हायरस. दोन ओळी उपटल्या मी. पुस्तिका काढून बसले, पाचवं पान. नववंही वाचलं, व्हायरसच्या खुणांचं."

"मग मला फोन का नाही केलास? तुला वेड लागलंय का?"

"सात घरांत आहे, बाई." चिहारु आता रडत होती, पण रडताना बोलायची तिला सवय असावी, शब्द नीट येत होते. "बुधवारी बैठक झाली आमची. मार्चअखेरपर्यंत कुणी बाईंजवळ तोंड उघडायचं नाही असं ठरलं. तुमचा निरोप होऊन जाऊ दे, हसत जाऊ देत म्हणे. मी म्हटलं, अहो पण पुढे काय करायचं ते आपल्याला कुठे कळतंय, बाईंनाच विचारायला हवं ना! पण आजोबा उभे राहिले. म्हणाले, छत्तीस वर्षं तिने आपलं सांभाळलं, दोन महिने आपण तिला सांभाळू. एवढ्याने कुणी मरत नाही म्हणाले. मग कोण बोलणार त्यांच्यापुढे?"

"कुठले आजोबा?" फुमिएने विचारलं.

"असं काय करता? तोकुजी आजोबा."

प्लास्टिकच्या आत तो म्हातारा वाकलेलाच होता. एक झाड उपटत होता, पिशवीत कोंबत होता, पुढच्याकडे सरकत होता, सराईतासारखा, गेले कित्येक दिवस हेच करत असलेल्या माणसासारखा. त्या उंच चढवलेल्या भुवया. ते 'अस्सं!' इतका वाईट नट तिने जन्मात पाहिला नव्हता.

"बाई? आहात ना?" चिहारु म्हणाली. "आता तुम्हीच बोललात तर मी विचारते. माझ्या उरलेल्या ओळी... तुमचं पाणी मारलं तर वाचतील का हो?"

तोंडात उत्तर तयार होतं. शांत, समजूतदार. थोडं झिंक वाढव, शेवाळाचं पाणी दे, बघू.

"माहीत नाही," फुमिए म्हणाली. "कदाचित नाही वाचणार. मी निघालेच आहे तिकडे. दाराबाहेर उभी राहते, तू आतून एकेक झाड मला दाखव."